फरक शून्य

अक्काच्या एका पत्राला मी आठ महिने उत्तर दिले नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते आले. हाताने लिहिलेले पाकीट पोस्टमननेही बऱ्याच दिवसांनी पाहिले असावे, कारण पाकीट देताना तो कौतुकाने उलटसुलट करून पाहत होता. काय बोलावे ते न सुचून मी त्याला पाणी विचारले. अक्षर मी लांबूनच ओळखले होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण विद्या. निपाणीच्या शाळेत छत्तीस वर्षे मराठी शिकवले तिने. आता ऐंशीची आहे. माझ्याहून सात वर्षांनी मोठी.

पत्र छोटे होते.

“चि. शिरीष यास अनेक आशीर्वाद.

मी आश्रमात पोचले. खोली बरी आहे. जेवण मिळमिळीत आहे. पत्रास कारण की, सोळा फेब्रुवारीस दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी घरच्या ग्रूपवर तू ‘चालेल’ असे लिहिलेस. दुपारी दोन ते साडेतीन तू झोपतोस, हे मला तुझ्या शाळेच्या वयापासून ठाऊक आहे. म्हणून विचारते, ते तूच लिहिलेस का? हो किंवा नाही, एवढेच एका कार्डावर कळव. मी रागावलेली नाही. पण मला माहीत असायला हवे.

तुझी, अक्का.”

मी त्याच दिवशी कार्ड आणले. पत्ता घातला. ‘नाही’ हा शब्द लिहिला आणि थांबलो. शब्द खरा होता, पण उत्तर खरे होते की नाही याची मला खात्री वाटेना. ते का, हे सांगायचे तर आधी पेटीबद्दल सांगावे लागेल. मी शास्त्रातला माणूस नव्हे. गडहिंग्लजच्या वाचनालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. मला जे जेवढे समजले तेवढेच सांगतो.

इंटरनेटला तळ नाही, असे आमची पिढी धरून चालली होती. ते ढगात असते असेही लोक म्हणत. ते ढगात नसते. ते मोठमोठ्या शेडमध्ये, तापणाऱ्या यंत्रांच्या कपाटांत असते, आणि त्या यंत्रांना वीज लागते, थंड करायला पाणी लागते. लागोपाठ तीन उन्हाळे असे गेले की गावाला पाणी द्यायचे की शेडला, असा प्रश्न आला. तेव्हा घरगुती वापरावर मर्यादा आली. दर घराला दिवसाचा ठरावीक वाटा. लोक त्याला रतीब म्हणू लागले. दुधासारखाच तो सकाळी सहाला यायचा आणि साडेनऊपर्यंत संपायचा.

कशात संपायचा, तेही सांगतो. शुभसकाळच्या गुलाबांत. कुणाच्या तरी नातवाच्या नाचात. आवळा खाल्ल्याने काय होते आणि काय होत नाही, यात. आमच्या ‘नूलकर परिवार’ या ग्रूपवर एकशे चाळीस माणसे होती, आणि एकाचा वाढदिवस असला की एकशे एकोणचाळीस केक येत. उत्तर नाही दिले तर माणूस घुम्या ठरतो. मी तसाही ठरलेलोच होतो. कुणी वारले की काय लिहावे हे ठरवायला मला अर्धा तास लागे, आणि तोवर श्रद्धांजल्यांच्या खाली दुसऱ्या कुणाच्या बारशाचे पेढे आलेले असत.

यावर तोडगा म्हणून पेटी आली. ती बसवायला रतीब कार्यालयातून शेंडगे बाई आल्या. चाळिशीच्या, बोलक्या. टिफिनच्या डब्याएवढी ती वस्तू भिंतीवर ठोकता ठोकता त्यांनी मला सगळे समजावले. त्यांची नजर भिंतीवरच्या पंचांगावर गेली आणि त्या म्हणाल्या, “काका, हेच पंचांग तुमच्या बहिणीकडं निपाणीला पण आहे का?” मी हो म्हटले. “मग उद्या चतुर्थी आहे हे तुम्ही त्यांना कळवायची गरज आहे? नाही. दोघांकडं तेच छापलंय. पंचांगात चूक निघाली तरच कळवायचं. पेटी तेच करते.”

म्हणजे असे. पेटी आपले मागच्या काही महिन्यांचे लिहिणे-बोलणे पाहते आणि त्यावरून आपला एक अंदाज तयार करते. अमुक आले तर हा माणूस तमुक लिहील, असा. त्या अंदाजाची एक प्रत आपल्या भिंतीवर, एक आपल्या नातलगांच्या पेट्यांत. मग मी काही लिहिले, की माझी पेटी आधी बघते, की हे अंदाजाप्रमाणेच आहे का? असेल, तर काहीच पाठवायचे नाही. पलीकडची पेटी माझे वाक्य स्वतःच लिहून दाखवते. नसेल, तर जेवढा फरक तेवढाच तारेतून जातो. ज्यात नवे काही नाही त्यात माहितीच नाही, हे शंभर वर्षांपूर्वीचे गणित आहे म्हणे. शेंडगे बाईंनी मला पडद्यावर आकडाही दाखवला. मी ग्रूपवर लिहिलेल्या गेल्या शंभर वाक्यांचा सरासरी फरक शून्याला इतका चिकटून होता, की त्या हसल्या. “तुमच्यासारखं गिऱ्हाईक असलं की आमचं सोपं होतं.”

मीही हसलो. नंतर वाईट वाटले.

एक बारीक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली आणि मी ती नीट ऐकली नाही. माणसाने काहीच लिहिले नाही तर? तर फरक शून्यच. अंदाज उभा राहतो. गप्प बसणे आणि होकार देणे यांतला भेद यंत्राला कळत नव्हता. खरे तर आमच्या घरातही तो कधी कुणाला कळला नव्हता. वडील विचारत, कुणाची हरकत? आणि आम्ही पाटाकडे बघत बसलो की ठरले.

पेटीला एक खुंटी होती, तीन जागांवर फिरणारी. थोडे, मध्यम, पूर्ण. ‘थोडे’वर शुभसकाळ आणि खुशाली एवढेच पेटी सांभाळायची. ‘पूर्ण’वर सगळे. आलेल्या निरोपांची यादी आठवड्याला एकदा ‘सारांश’ म्हणून मिळे. वाटले तर वाचावी. मी दुसऱ्याच दिवशी खुंटी ‘पूर्ण’वर केली. हे मला कुणी करायला लावले नाही. रतीब शिल्लक राहू लागला, आणि त्या शिलकीवर मी जुन्या मासिकांचे अंक उतरवून वाचू लागलो. आयुष्यभर ज्यांची फक्त नावे सूचीत लिहिली होती ते अंक. सकाळी सहा ते जेवेपर्यंत वाचायचे, दोनला झोपायचे, उठून पुन्हा वाचायचे. लग्न मी केलेले नाही. विचारायचे राहून गेले. तेव्हा मला हाक मारणारे घरात कुणी नव्हते. ते वर्ष माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे गेले, हे कबूल करायला हवे.

मधूनमधून ग्रूपवर डोकावले की मला मी दिसे. मी वेळेवर श्रद्धांजली वाहत होतो. बारशाला नावे सुचवत होतो. एका चुलतबहिणीने तर फोन करून सांगितले की शिरीष, अलीकडे तू किती मोकळा झालायस रे. मी आभार मानले. त्या दिवशी पेटीकडे बघायला जरा संकोच वाटला, एवढेच.

आता सोळा फेब्रुवारीचे.

जानेवारीत अक्का निपाणीच्या घरात न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडले नाही, पण चार तास पडून राहिली. तिला मूलबाळ नाही, यजमान जाऊन बारा वर्षे झाली. सोळा तारखेला आमचा पुतण्या अमेय याच्या नावाने जवळच्या नऊ जणांच्या ग्रूपवर निरोप आला: अक्काआत्याला आता एकटं ठेवणं बरोबर नाही, आजऱ्याजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे, सगळ्यांना चालेल का? चार मिनिटांत सात ‘चालेल’ आले. तिसरा माझा होता. नववी अक्का स्वतः. तिची खुंटी ‘थोडे’वर होती, ती सगळे स्वतः वाचायची, स्वतः लिहायची. तिने अर्ध्या तासाने लिहिले, “तुम्हा सर्वांचे एकमत आहे तर जाते.”

हे मी पाहिले ते तिचे पत्र हातात आल्यावर, सारांशात मागे जाऊन. मग जिवाचा धडा करून अमेयला पुण्याला फोन लावला. तो भला मुलगा आहे. मुलगा म्हणतो मी, पंचेचाळिशीचा आहे. मी विचारले, तुझ्या मनात हे कधी आले? तो म्हणाला, त्या दिवशी तो कामासाठी परगावी होता, त्याने ग्रूप उघडलाच नव्हता. पडल्याची बातमी आल्यावर तो बायकोशी दोन-तीनदा बोलला होता की काहीतरी सोय बघायला हवी. पेटीने तेवढ्यावरून निरोप रचला.

“म्हणजे तू विचारलं नाहीस,” मी म्हटले, “आणि आम्ही उत्तर दिलं नाही.”

“काका, पण विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?”

मी म्हटले, फोन ठेवतो, बाहेर कुणी आलंय. बाहेर कुणी आले नव्हते.

कार्डावरच्या ‘नाही’पाशी मी का थांबलो ते आता लक्षात येईल. ते मी लिहिले नव्हते. पण मी जागा असतो, निरोप वाचला असता, तर? अक्काला माझ्याकडे आणा, असे लिहिणारा शिरीष नूलकर मी डोळ्यांपुढे आणून पाहिला. तो येईना. माझ्याकडे दोन खोल्या. खालची पुस्तकांनी भरलेली, वरची माझी. ती आली असती तर रेडिओ लागला असता, दुपारी चहा झाला असता, वाचायचे राहिले असते. मी तेच लिहिले असते. कदाचित तितक्या लवकर नाही. मग तिला ‘नाही’ कळवणे हा खोटेपणाच. आणि ‘हो’ कळवणे तर अशक्य.

म्हणून मी काहीच कळवले नाही. एक आठवडा, मग एक महिना. आणि मला आधार होता तो तिच्या रोजच्या निरोपाचा. सकाळी सात वाजता न चुकता यायचा: सुप्रभात शिरू, मी मजेत आहे. शिरू फक्त तीच म्हणते. तो वाचला की वाटे, रागावली असती तर असे लिहिती का? विसरलीही असेल पत्राचे. ‘मजेत आहे’च्या पुढे मी क्वचित वाचत असे.

दिवाळीतल्या पाडव्याला मात्र पुढचेही वाचले. “चहा झाला. समोर शाळेची घंटा झाली. मुलं रांगेत उभी राहताहेत.”

दिवाळीच्या सुट्टीत कोणती शाळा घंटा देते? आधी वाटले, अक्काला भ्रम होऊ लागला. मग ध्यानात आले. आश्रम माळावर आहे, त्याच्यासमोर शाळा नाही. शाळा निपाणीच्या घरासमोर आहे. मी मागचे निरोप काढले. जूनमध्ये घंटा. ऑगस्टमध्ये घंटा. एकदा गॅलरीतल्या कढीलिंबाला पाणी घातलेले. मी आठ महिने रोज सकाळी हे उघडत होतो, आणि ग्रंथपाल म्हणवत होतो स्वतःला.

भाऊबीजेला सकाळच्या एसटीने आजऱ्याला गेलो. तासाभराचा रस्ता आहे. तेवढाच.

आश्रमाच्या व्यवस्थापक गावडे बाई म्हणून आहेत. जाडजूड, पायात सुजेमुळे पुरुषी चपला, सतत काहीतरी शोधत असल्यासारख्या. मी नाव सांगितले तसे त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाल्या, “तुम्ही प्रत्यक्षात आहात तर.”

त्यांनी सांगितले ते असे. मे महिन्याच्या बारा तारखेला अक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजते सगळे. मी म्हटले, मला कळवले कसे नाही? त्यांनी शांतपणे पडदा माझ्याकडे वळवला. बारा मे, सकाळी अकरा: सर्व नातेवाइकांना निरोप. खाली उत्तरे. माझे उत्तर एका मिनिटात गेले होते. “ऐकून फार वाईट वाटले. काळजी घ्यावी. काही लागल्यास जरूर कळवावे.” पुढे जोडलेले हात.

वाक्य माझेच होते. ‘जरूर कळवावे’ असे आमच्या घराण्यात मी एकटाच लिहितो. तो निरोप माझ्या सारांशात आला असणार, दोनशे ओळींच्या यादीत कुठेतरी, आणि मी त्या आठवड्यात एका बंद पडलेल्या मासिकाचे दहा अंक वाचत होतो.

“आणि तिचे रोजचे निरोप?”

“त्या टाईप करत नाहीत म्हणजे अंदाजात बदल नाही,” गावडे बाई म्हणाल्या. “पेटी बंद करा म्हणून मी दोनदा लिहिलंय कार्यालयाला. त्यांचं उत्तर आलं, धारकानं स्वतः अर्ज करावा. आता या कशा करणार?”

अक्का खिडकीपाशी खाटेवर टेकून बसली होती. केस कापले होते. मला बघून तिचा डावा हात उचलला गेला आणि पुन्हा पांघरुणावर पडला. तोंडाची एकच बाजू हलत होती. मी स्टूल ओढून बसलो. एसटीत जे जे बोलायचे ठरवले होते त्यातले काहीच आठवेना. तिने डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. ती वाट बघत होती, हे मला कळत होते. कशाची, तेही कळत होते.

आणि मी म्हटले, “अक्का, इथं चालतंय ना सगळं?”

शब्द बाहेर पडला आणि मला तो ऐकू आला. अक्काने डोळे मिटले. वर्गात मुलाने पाठ न केलेली कविता म्हणायला सुरुवात केली की ती असे डोळे मिटायची, ओरडायची नाही. तासभर मी तिचा डावा हात धरून बसलो. मी उठताना तिने माझे मनगट सोडले नाही. तिच्या बोटांत अजून जोर आहे. ती बोटे मला एकेक करून सोडवावी लागली.

ऑफिसात येऊन मी गावडे बाईंना म्हटले की मी तिला घरी नेतो.

त्यांनी चष्मा काढला. हे वाक्य त्यांना नवे नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका आजींना भाच्याने असेच प्रेमाने नेले आणि एका स्टँडवर बसवून तो निघून गेला. तेव्हापासून आश्रमाचा नियम आहे, की रहिवाशाला हलवायचे तर दाखल करताना संमती दिलेल्या सगळ्यांना विचारायचे. त्यांनी माझ्यासमोरच निरोप पाठवला. आम्ही दोघे पडद्याकडे बघत बसलो. त्यांनी मला चहा दिला. चहा संपायच्या आत आठही उत्तरे आली होती. अक्काला तिथेच असू द्यावे, तिथे सोय चांगली आहे, या वयात हलवणे नको. माझेही आले. “तिथेच असू दे. माझी हरकत नाही.”

“हे मी नाही,” मी म्हटले. “मी इथे बसलोय.”

“दिसतंय मला.”

“मग ते खोडा.”

“काका, मी तुमचं ऐकून तुमचंच उत्तर खोडलं, तर उद्या कोणीही येऊन कोणाचंही खोडेल.” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “तुमचं यंत्र खोटं नाही बोलत हो. आठ महिन्यांत तुम्ही एकदाही आला नाहीत. अंदाज कशावरून करायचा त्यानं?”

मी रिकामा कप त्यांच्या टेबलावर ठेवला.

वाट मात्र त्यांनीच दाखवली. पेटीवरून आलेल्या उत्तरावर आता कोणाचाच पुरता भरवसा नाही, म्हणून नियमात एक कलम आहे. नेणाऱ्याने रहिवाशाला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे. का नेतो, कुठे ठेवणार, कोण बघणार. पत्र पोस्टाने यायला हवे, शिक्क्यासकट. हातोहात दिलेले चालत नाही, कारण समोर उभा राहून माणूस भरीला घालतो. ते पत्र रहिवाशाला मोठ्याने वाचून दाखवायचे, दोन साक्षीदारांसमोर. तिने मान हलवली तर बाकीच्यांचे काही चालत नाही.

“आणि नाही हलवली तर?”

“तर नाही,” गावडे बाई म्हणाल्या. “आमच्याकडं गेल्या वर्षी तीन पत्रं आली. एकीनं हलवली.”

घरी आल्यावर मी आधी एक भित्रेपणा केला. कागद घेण्याऐवजी पेटी उघडली आणि ग्रूपवर लिहिले, “मी अक्काला माझ्या घरी आणत आहे.” लोकांनी आधी हो म्हणावे, मग मला धीर येईल, असा हिशेब. वाक्य पडद्यावर तसेच अडकून राहिले. थोड्या वेळाने खाली अक्षरे आली. “हा संदेश आपल्या लिहिण्याशी जुळत नाही. आपले यंत्र दुसरी व्यक्ती वापरत असल्याची शक्यता आहे. सुरक्षिततेसाठी संदेश रोखला आहे.” शेजारी फरकाचा आकडा होता. शेंडगे बाईंनी दाखवला तेव्हापासून तो शून्याच्या वर कधी गेला नव्हता. आता तो शेवटच्या रेघेला टेकला होता.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. आयुष्यात एकदा मी माझ्यासारखे नसलेले वाक्य लिहिले, आणि यंत्राला वाटले घरात चोर शिरला.

मग अमेयला फोन केला. तो ऐकून घेत होता, आणि शेवटी म्हणाला, “काका, तुम्हाला जमेल का? रागावू नका. तुम्ही स्वतःचा चहा विसरता.” मी म्हटले, मला माहीत नाही. तो म्हणाला, तो डिसेंबरात येऊन जाईल. हे तोच बोलला की नाही, असा विचार मनात आला. फोनवर आवाज होता, मागे कुकरची शिट्टी होती. तोच असावा.

पत्राला पाच दिवस लागले. पहिला खर्डा क्षमेचा होता, पानभर. तो पेटीला दाखवला असता तर तिने तो माझ्याआधी पुरा केला असता. दुसऱ्यात रतीब, खुंट्या, पंचांगाचा दाखला, सगळे समजावून सांगितले होते. अक्काने कधी कारणे मागितली नव्हती. तिसऱ्यात मी फार धीराचा झालो होतो; तोही फाडला. या पाच दिवसांत खालची खोली रिकामी करत होतो. पुस्तके जिन्यात रचली, मग स्वयंपाकघरात, उरलेली वाचनालयाला देऊन टाकली. शेजारच्या कुंभार वहिनी बघायला आल्या आणि त्यांनी स्वच्छ सांगितले की भाऊजी, बाईमाणसाचं करायला बाईमाणूस लागतं, तुम्ही काय करणार? त्यांच्या ओळखीच्या एक बाई सकाळ-संध्याकाळ यायला तयार झाल्या. दुपारचे काय, याला उत्तर मिळाले नाही. दुपारी मी झोपत असे. ती झोप बंद.

सहाव्या दिवशी सकाळी जे लिहिले ते असे.

“ती. अक्कास शि. सा. न.

तुझ्या पत्राला उत्तर. सोळा फेब्रुवारीला ‘चालेल’ असे मी लिहिले नाही. मी झोपलो होतो. पण जागा असतो तर मीही तेच लिहिले असते. तू ‘हो किंवा नाही’ विचारले होतेस. दोन्ही खरे आहे, आणि हेच लिहायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत तुझी वाचा गेली. मला कळवले गेले होते. मी वाचले नाही.

खालची खोली मोकळी केली आहे. खिडकी रस्त्यावर उघडते. सकाळ-संध्याकाळ एक बाई येतील. बाकीचे मी करीन. मला ते येत नाही. तुला उचलताना मी तुला पाडू शकतो. माझा कंटाळा तुझ्या लक्षात येईल, मी लपवू शकणार नाही. आश्रमात तुझी सोय माझ्याहून चांगली होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तरी माझ्याकडे ये. हे पत्र तुला गावडे बाई वाचून दाखवतील. तुझी मान हलली नाही, तर मी समजेन. आणि मग दर रविवारी तिथे येईन. ते तुला अडवता येणार नाही.

तुझा, शिरू.”

पुन्हा वाचले तेव्हा हस्ताक्षर वाकडेतिकडे दिसले. चांगल्या अक्षरात उतरवून काढावे असे वाटले, पण उतरवताना मी वाक्ये सुधारली असती. तसेच पाकिटात घातले.

पोस्टाची पेटी चौकात होती ती काढून टाकल्याला वर्षे झाली. मुख्य ऑफिसात गेलो. खिडकीपाशी रांग नव्हती. आत एक प्रौढ बाई पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्यांनी पत्ता वाचला, पाकीट तराजूवर ठेवले, तिकीट लावले. म्हणाल्या, माळावरचा आश्रम ना, तिकडे टपाल आठवड्यातून दोनदाच जातं, सोमवारी आणि गुरुवारी. आज मंगळवार होता.

“पत्ता पूर्ण नाही,” त्यांनी पाकीट माझ्याकडे परत सरकवले. “पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय.”

मी नाव लिहिले आणि पाकीट खिडकीच्या आत धरले. त्या ते घेऊ लागल्या, पण ते येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझी बोटे सुटली नव्हती.

“काका, सोडा,” त्या म्हणाल्या.

मी सोडले. त्यांनी शिक्का मारला.